पात्राला काय हवंय आणि काय कमी पडतंय

सिनेमातल्या पात्रांचं मानसशास्त्रीय विश्लेषण म्हटलं की पहिल्यांदा पुढे येतो तो मास्लो या मानसशास्त्रज्ञाचा गरजांचा त्रिकोण. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मान, आणि टोकावर आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यात जे होण्याची ताकद आहे ते होणं. पुढचं काम सोपं वाटतं. पात्र उचलायचं आणि एका पायरीवर बसवायचं. 'फँड्री'तला जब्या तिसऱ्या पायरीवर, 'नटरंग'मधला गुणा पाचव्या, 'सैराट'ची आर्ची वरून खाली घसरलेली. कॉलेजच्या असाइनमेंटपासून यूट्यूबवरच्या व्हिडिओंपर्यंत हीच पद्धत दिसते. अडचण अशी की पायरी ठरवून झाल्यावर पात्राबद्दल आपल्याला आधी माहीत नव्हतं असं काहीच हाती लागत नाही. जब्याला वर्गातली शालू आवडते हे पाचवीतल्या मुलालाही कळतं. त्याला 'आपलेपणाची गरज' असं नाव दिलं म्हणून ते विश्लेषण होत नाही.

गरजांचा सिद्धांत पात्रं वाचायला फार उपयोगी आहे, पण तो वेगळ्या तऱ्हेने वापरावा लागतो. पात्राची पायरी शोधण्यापेक्षा त्याचा अभाव शोधावा, तो अभाव तयार करणारा दाब शोधावा, आणि तो भरून काढायला पात्र काय किंमत मोजतं ते बघावं. किंमत सगळ्यात महत्त्वाची. माणसाची कुठली गरज किती खोल आहे हे तो त्यासाठी काय सोडायला तयार आहे यावरूनच कळतं, तो तोंडाने काय मागतो यावरून क्वचितच.

मास्लोने खरं काय लिहिलं होतं

अब्राहम मास्लोचा मूळ लेख १९४३ सालचा, 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकातला. त्यात त्रिकोण कुठेही नाही. ते चित्र नंतर, १९६०च्या सुमारास, व्यवस्थापनशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी काढलं आणि तेच जगभर पसरलं. चित्रामुळे दोन गैरसमज पक्के झाले: एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय माणूस दुसरीवर जात नाही, आणि माणूस एका वेळी एकाच पायरीवर असतो. मास्लोने दोन्हीच्या विरुद्ध लिहिलं होतं. उदाहरणादाखल त्याने काही आकडे मनानेच धरले होते: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागलेल्या असतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १०. हे मोजमाप नव्हतं, मुद्दा समजावून सांगण्याची ती सोय होती. पण मुद्दा फार कामाचा आहे. सगळ्या गरजा एकाच वेळी अर्धवट भागलेल्या असतात, आणि एकाच कृतीमागे तीन-तीन गरजा असू शकतात.

त्याच लेखात आणखी तीन गोष्टी आहेत, आणि सिनेमा बघणाऱ्याने त्या जवळ ठेवाव्यात. पहिली: काही माणसांमधली सर्जनाची ओढ इतकी जबर असते की खालच्या गरजा भागलेल्या नसतानाही ती डोकं वर काढते. दुसरी: ज्यांच्या गरजा लहानपणापासून नीट भागलेल्या असतात त्यांच्यात पुढे येणारी ओढाताण सोसण्याची विलक्षण ताकद तयार होते. तिसरी: जी गरज वर्षानुवर्षं आपोआप भागत आली, तिची किंमत माणसाला कमी वाटू लागते, आणि ती तो सहज पणाला लावतो. या तीन वाक्यांवर तीन वेगवेगळी पात्रं उभी राहतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

मास्लोच्या पाच वर्षं आधी, १९३८ साली, हेन्री मरे या मानसशास्त्रज्ञाने 'एक्सप्लोरेशन्स इन पर्सनॅलिटी' हे पुस्तक काढलं. त्यात मानसिक गरजांची लांबलचक यादी आहे: यश मिळवण्याची, सोबतीची, वर्चस्वाची, अपमान टाळण्याची, दुसऱ्याला जपण्याची, स्वतः जपलं जाण्याची आणि अशा कितीतरी. यादीपेक्षा मौल्यवान आहे ती त्याची दुसरी कल्पना, दाबाची. गरज माणसाच्या आत असते, दाब बाहेरून येतो, आणि गोष्ट दोघांच्या झटापटीतून घडते. मरेने दाबाचेही दोन प्रकार केले. एक खरा, म्हणजे परिस्थितीत प्रत्यक्ष असलेला. दुसरा त्या माणसाला जाणवणारा. दोन्हींत फरक असेल तिथे पटकथाकाराला सोनं सापडतं.

'किल्ला' या सिनेमातलं उदाहरण घ्या. अकरा वर्षांचा चिन्मय वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला आहे. पावसात किल्ल्यावर तो एकटा मागे राहतो, मित्र निघून गेलेले असतात. खरा दाब एवढाच: अंधार, पाऊस आणि पोरांचा घायकुतेपणा. चिन्मयला जाणवणारा दाब कितीतरी मोठा आहे, कारण याआधीही एक माणूस त्याला न सांगता कायमचा निघून गेलेला आहे. म्हणून पुढचा त्याचा अबोला प्रसंगाच्या मानाने जास्त वाटतो, पण त्याच्या हिशेबाने बरोब्बर आहे. 'सोबतीची गरज' एवढं लिहून थांबलो असतो तर हे निसटलं असतं.

तिसरा आधार एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा, स्वनिर्धारणाचा सिद्धांत. १९८५ साली त्यांचं पुस्तक आलं आणि पुढे सिद्धांत विस्तारत गेला. त्यात गरजा तीनच: स्वायत्तता, सक्षमता आणि जोडलेपण. उतरंड नाही. तिन्ही एकदम लागतात, आणि एकीच्या बदल्यात दुसरी द्यायला लावली की माणूस आतून कोमेजतो. मध्यमवर्गीय घरातल्या पात्रांसाठी, जिथे भाकरीचा प्रश्न नाही तिथे, मास्लोपेक्षा हा चष्मा जास्त स्वच्छ दाखवतो.

प्रत्यक्ष कसं करायचं

सिनेमा पहिल्यांदा सलग बघा, हातात काही न घेता. पहिल्याच वेळी टिपणं काढायला बसलं की नजर संवादावर खिळते आणि दृश्य निसटतं. दुसऱ्यांदा बघताना एकच पात्र धरा आणि त्याचे दहा-बारा प्रसंग निवडा. त्यातला एक पहिल्या दहा मिनिटांतला असावा, एक शेवटचा, आणि निदान तीन असे की ज्यांत त्या पात्राला एकही वाक्य नाही. मग प्रत्येक प्रसंगापुढे सहा रकाने भरा: पात्र काय मागतं, काय करतं, काय कमी पडतंय, खरा दाब कोणता, त्याला जाणवणारा दाब कोणता, आणि शेवटी काय देऊन काय मिळालं. 'काय कमी पडतंय' हा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा, बाकीचे पाच भरल्यावर. आधी भरला की उरलेले पाच आपण त्याला साजेसे भरत जातो. बहुतेक विश्लेषणं इथेच फसतात.

रकाने भरून झाले की दोन कसोट्या लावायच्या.

पहिली, देऊन बघायची कसोटी. पात्र जे मागतं ते मनातल्या मनात त्याला देऊन टाका. ते शांत होईल का? झालं, तर मागणी आणि गरज एकच आहे. नाही झालं, तर मागितलेली वस्तू फक्त साधन आहे, गरज तिच्यामागे आहे.

दुसरी, उलट बाजूची. दाब काढून घ्या. गाव बदला, जात काढा, कर्ज फेडा, नवरा समजूतदार करा. तरीही ते पात्र तेच करेल का? करत असेल तर गरज आतून आलेली आहे. करत नसेल तर जिला आपण 'स्वभाव' म्हणत होतो ती खरं तर परिस्थिती होती. मराठी सिनेमात ही दुसरी कसोटी फार वेळा डोळे उघडते.

पुराव्याचा नियमही एक ठेवावा: कुठलीही गरज ठामपणे लिहायची तर निदान तीन प्रसंगांत दिसली पाहिजे, आणि त्यातला एक संवादाशिवायचा असला पाहिजे. पात्रं स्वतःच्या गरजांबद्दल खोटं बोलतात, किंवा त्यांना त्या कळलेल्याच नसतात. नजर, वस्तू, कोण कुणापासून किती अंतरावर उभं आहे, कोण मान खाली घालतं, यावर जास्त भरवसा ठेवावा.

जब्या आणि कचरू, एकाच प्रसंगात

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने, कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. तो काय मागतो? जीन्स. काळी चिमणी, जिची राख शालूवर टाकली तर ती आपली होईल असं त्याने ऐकलंय. देऊन बघायची कसोटी लावा. जीन्स मिळाली असं समजू. शांत होईल? दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच बाकावर तेच नाव घेऊन बसावं लागेल. काळी चिमणी सापडली असं समजू. राख टाकली, शालूने वळून पाहिलंही. पण संध्याकाळी डुकरं धरायला बापाबरोबर जावंच लागेल. दोन्ही वस्तू हाती आल्या तरी अभाव तसाच राहतो. त्याला हवी आहे ती एक नजर, ज्यात तो कचरूचा पोर म्हणून आधीच निकालात काढलेला नसेल. शालू ही त्या नजरेची जागा आहे. म्हणून 'फँड्री'ला प्रेमकथा म्हणणं मला अपुरं वाटतं. प्रेम आहे, पण त्याचा सगळा भार मानाच्या गरजेने उचललेला आहे.

आता दोन दाब वेगळे करा. जब्याला जाणवणारा दाब असा: कपडे बरे नाहीत, रंग काळा आहे, पैसे नाहीत. म्हणजे भरून काढता येतील अशा उणिवा. म्हणून तो गावोगाव गारेगार विकायला जातो, पैसे जमवू बघतो. खरा दाब जातीचा आहे, आणि तो कुठल्याही कपड्याने हटत नाही. सिनेमाचा प्रवास म्हणजे जाणवणारा दाब विरत जाऊन खरा दाब जब्याच्या डोळ्यांपुढे येणं. जत्रेत शालूसमोर जीव तोडून नाचणाऱ्या जब्याला गॅसबत्ती धरून उभं केलं जातं, तिथे पहिला तडा जातो. उजेड त्याच्याच हातात आहे, आणि त्या उजेडात त्याची जागा सगळ्यांना दिसते.

सगळ्यात दाट प्रसंग डुकरं पकडण्याचा. जत्रेत डुकरामुळे पालखीचा खोळंबा झाल्यावर पाटलाने कचरूला काम सांगितलंय. कचरूच्या घरी मुलीचं लग्न आहे, हुंड्याला पैसे हवेत. त्याच्या बाजूने रकाने भरा: मागणी पैशांची, कृती डुकरामागे धावण्याची, खरा दाब हुंडा आणि पाटलाची मर्जी, अभाव सुरक्षिततेचा. गावात राहायचं तर गावाला नाही म्हणून चालत नाही हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत आहे. मानाची गरज त्याला नाही असं मुळीच नाही. ती खर्च करून तो घर चालवतो, आणि किंमत काय पडते हे त्याच्या वाकलेल्या पाठीवर दिसतं.

त्याच क्षणी जब्या लपतोय. शाळा शेजारीच आहे, वर्गातली पोरं बघायला जमलीत, शालू बघेल. मरेच्या यादीतली अपमान टाळण्याची गरज इथे इतकी तीव्र आहे की डुक्कर समोरून निसटतं तरी जब्या आडोसा सोडत नाही. बाप चिडतो. आपल्याला बाप क्रूर वाटतो, किंवा पोरगा नालायक वाटतो, आपण कुठल्या घरात वाढलो त्यावर ते ठरतं. खरं तर दोघांवर दाब एकच आहे, फक्त त्या दाबाने एकाची सुरक्षितता धरलीय आणि दुसऱ्याचा मान. बापाने सुरक्षितता घेतली तर पोराचा मान जातो. पोराने मान जपला तर बापाचे पैसे जातात. ही कोंडी त्या घराने तयार केलेली नाही. मग शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी थांबतं, आणि डुक्कर निघून जातं. आपलेपणाच्या गरजेचा इतका कडवट प्रसंग मराठी सिनेमात दुसरा आठवत नाही: ज्या समूहाचे म्हणून ते ताठ उभे राहतात, तोच समूह कुंपणापलीकडून त्यांना हसतोय.

शेवटी जब्या दगड उचलतो. इथे पायऱ्यांची पद्धत वापरणारे लिहितात, 'जब्याला आत्मसन्मान गवसला'. मला हे घाईचं वाटतं. मिळालं काय हा रकाना भरून बघा. शालू दुरावली, लपण्याची जागा गेली, गावातली सुरक्षितताही पणाला लागली. मिळाला तो एक बदल: जाणवणारा दाब आणि खरा दाब पहिल्यांदा एक झाले. आता आपल्या कपड्यांत किंवा रंगात खोट आहे असं त्याला वाटत नाही, खोट कुठे आहे ते त्याला दिसलंय, आणि दगड तिकडे जातो. तो शेवटी पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो, ते या हिशेबाने अगदी सरळ आहे.

गुणा, आर्ची, सुलभा

मास्लोच्या त्या तीन वाक्यांकडे वळू.

गुणा कागलकर, 'नटरंग', २०१०, आनंद यादवांच्या कादंबरीवरून. शेतमजूर, अंगापिंडाने पैलवान, घरी दारिद्र्य, हातचं कामही गेलेलं. उतरंडीप्रमाणे त्याने आधी मजुरी शोधायला हवी. तो तमाशाचा फड उभा करतो. देऊन बघायची कसोटी लावा: पोटापुरती कायम मजुरी दिली तरी हा माणूस रात्री तमाशालाच जाणार. दाब काढून बघा: गाव श्रीमंत केलं तरी तेच. दोन्ही कसोट्यांतून गरज शाबूत बाहेर येते, म्हणजे ती आतली आहे. मास्लोने सांगितलेला अपवाद तो हाच. पण गुणाचं पात्र मोठं होतं ते किमतीमुळे. त्याला राजा व्हायचं होतं, फडाला नाच्या हवा होता. कला हवी असेल तर पुरुष म्हणून गावात असलेला मान द्यायचा, अशी ती देवघेव आहे. तो देतो. मिशी जाते, पैलवानी शरीर जातं, चालणं-बोलणं बदलतं. सक्षमता मिळते, रंगमंचावर टाळ्या मिळतात, आणि त्याच टाळ्या वाजवणारं जग त्याला माणूस म्हणून चिरडतं. 'ध्येयासाठी सर्वस्व अर्पण' असल्या शब्दांत गुणाला बसवू नये. त्याने सर्वस्व अर्पण केलं नाही, ते त्याच्याकडून ओरबाडून घेतलं गेलं. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि रकान्यातही ती वेगळी लिहावी लागतात: किती स्वतःहून दिलं, किती हिसकावलं गेलं.

आर्ची पाटील. 'सैराट', २०१६. पहिल्या भागातला तिचा बिनधास्तपणा, ती बुलेट, तो ट्रॅक्टर, पोरांना दम देणं, याला 'बंडखोर स्वभाव' म्हणण्याआधी दुसरी कसोटी लावा. पाटलाच्या वाड्याचा आधार काढला तर हा बिनधास्तपणा उरतो का? हैदराबादला गेल्यावर सिनेमा स्वतःच ही कसोटी लावतो, आणि उत्तर फार प्रामाणिक देतो. आधी ती मोडते. झोपडपट्टीतली घाण, पाणी, संडास, अनोळखी भाषा, रात्री घराच्या आठवणीने रडणं. लहानपणापासून भागत आलेल्या गरजांना तिने कधी गरज मानलंच नव्हतं, म्हणून त्या तिने इतक्या सहज सोडल्या. मास्लोचं तिसरं वाक्य इथे शब्दशः खरं ठरतं. मग हळूहळू दुसरं खरं ठरू लागतं. ती भाषा शिकते, कारखान्यात काम करते, संसार उभा करते. भरलेल्या बालपणाने दिलेली सोसण्याची ताकद तिच्यात होतीच.

परशाची, म्हणजे ती ज्याच्याबरोबर पळून आली त्याची, बाजू वेगळी. त्याने वाड्याची सुरक्षितता कधी अनुभवलेलीच नाही, त्यामुळे झोपडीत तो तिच्याइतका हादरत नाही. तो हादरतो ते आर्ची हसून दुसऱ्या कुणाशी बोलते तेव्हा. त्याचा संशय, तो हात उगारणं, ती निघून जाणं, हा भाग पुष्कळांना रसभंग वाटतो. गरजांच्या हिशेबाने मला तो उत्तरार्धातला सगळ्यात खरा भाग वाटतो. गावात परशाला कविता, क्रिकेट, मित्र, विहीर, सगळीकडून थोडाथोडा मान मिळत होता. इथे मान देणारी एकच व्यक्ती उरलीय. सगळी गरज एका माणसावर टाकली की ते नातं वाकतं.

आणि शेवट. संसार लागलाय, मूल झालंय, घर घ्यायचं चाललंय. सुरक्षितता पुष्कळ भागली. मग उरलेला अभाव वर येतो: माहेर. आर्ची आईला फोन करते. त्या एका फोनमध्ये किती साधी गरज आहे बघा, आईने एकदा नातवाचा आवाज ऐकावा एवढीच. भाऊ आईच्या भेटवस्तू घेऊन येतो तेव्हा ती चहा ठेवते, कारण जे दहा दिशांनी तुटलं होतं ते एका दिशेने जोडलं जातंय असं तिला वाटतं. मारेकरी आत येतात ते आपलेपणाच्या गरजेने उघडलेल्या दारातून. आर्ची भोळी नाही, सावध आहे, तरी दार उघडते. ही गरज सावधपणापेक्षा मोठी असते, म्हणून शेवट पटतो आणि सहन होत नाही.

सुलभा महाजनसाठी चष्मा बदलावा लागतो. 'उंबरठा' १९८२चा, जब्बार पटेल यांचा, सुलभा स्मिता पाटील. सुखवस्तू घर, वकील नवरा, मुलगी, घरात समाजकार्याचीही परंपरा. मास्लोच्या चष्म्यातून वाचलं तर निष्कर्ष निघतो: खालच्या चार गरजा भागल्या, आता पाचवी. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे ती हौसेने घराबाहेर पडलेली बाई ठरते. स्वनिर्धारणाने वाचा. घरात जोडलेपण आहे, पण त्याला अट आहे: आमच्या चौकटीत राहून कर. म्हणजे प्रेमाच्या बदल्यात स्वायत्तता मागितली जातेय. असं अटीवर मिळालेलं जोडलेपण पोट भरत नाही. म्हणून तिचं घर भागलेल्या गरजांचं घर नव्हतंच. महिलाश्रमाची अधीक्षक झाल्यावर तिला स्वायत्तता मिळेल असं वाटतं, तिथे व्यवस्थापन समिती आडवी येते, आणि सक्षमताही धडपणे वापरता येत नाही. घरी परतते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री, आणि तेही तिने समजून घ्यावं ही अपेक्षा. शेवटी ती पुन्हा बाहेर पडते त्याला 'मुक्ती' म्हणणारे लिहिताना मुलीचा रकाना रिकामा सोडतात. सोडू नये. मुलीपासून तुटणं ही तिने मोजलेली खरी किंमत आहे, आणि ती मोजूनही ती जाते, यावरून स्वायत्ततेची गरज किती खोल होती ते कळतं.

छप्पर असून घर मागणारा

गणपतराव बेलवलकर. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' नाटक १९७०चं, महेश मांजरेकरांचा सिनेमा २०१६चा. घर मागणारं ते स्वगत सगळ्यांना पाठ असतं, आणि म्हणूनच त्याचं विश्लेषण बहुधा चुकतं. 'म्हातारपणी निवारा हवा, म्हणजे सुरक्षिततेची गरज' असं लिहून मोकळे होतात. देऊन बघायची कसोटी इथे फार छान चालते, कारण कथेत घर दोनदा दिलेलंच आहे. आधी मुलाकडे, मग मुलीकडे. छप्पर दोन्हीकडे होतं. तिथून ते निघाले कशामुळे? एका ठिकाणी आपली रीत या घरात चालत नाही हे कळल्यावर, दुसऱ्या ठिकाणी चोरीचा संशय आल्यावर. म्हणजे त्यांना बाहेर काढलं ते अपमानाने. स्वगतातही भिंती आणि छप्पर मागून ते थांबत नाहीत, माणसाची माया मागतात, आणि जिथून कुणी उठवणार नाही अशी जागा मागतात. निवारा, आपलेपणा आणि मान, तिन्ही एकाच मागणीत.

आणखी एक बारकावा. ज्या सुमारास माणूस रंगभूमी सोडतो त्याच सुमारास तो पैसा आणि घरही वाटून टाकतो. सक्षमतेचा आधार आणि सुरक्षिततेचा आधार, दोन्ही एकदम हातचे जातात, आणि दोन्हींची भरपाई मुलांच्या प्रेमातून होईल हे गृहीत धरलं जातं. परशाच्या बाबतीत झालं तेच, वयाच्या दुसऱ्या टोकाला.

नेहमी फसणाऱ्या जागा

निदान करायचा मोह टाळावा. गणपतरावांना नैराश्य, परशाला अमुक विकार, असली लेबलं लावायला लागणारी माहिती सिनेमा देत नाही, आणि लेबल लावलं की विचार थांबतो. गरजांचा सिद्धांत आजाराबद्दल नाही, धडधाकट माणसाच्या ओढीबद्दल आहे.

आपली स्वतःची गरज पात्राच्या रकान्यात जाते, हा त्याहून मोठा धोका. पोरांच्या शिक्षणासाठी झिजलेल्या वाचकाला कचरू दिसतो, लपून बसलेला जब्या दिसत नाही. उपाय साधा आहे: ज्या पात्राचा राग येतो त्याचे रकाने आधी भरायचे. 'सैराट'मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो. त्याच्या बाजूने भरून बघा. वडिलांच्या सत्तेचा वारस म्हणून ओळख हवी, आणि ती सिद्ध करायचा एकच मार्ग त्याला घरात शिकवला गेलाय. यशाची, सोबतीची आणि सत्तेची प्रेरणा यांवर संशोधन करणाऱ्या डेव्हिड मॅक्लेलंडने सत्तेच्या गरजेचे दोन प्रकार वेगळे केले होते: स्वतःचा वचक बसवण्यासाठीची, आणि समूहासाठी काही घडवण्याची. प्रिन्सला दुसरी कधी दाखवलीच गेली नाही. यातून त्याचं समर्थन होत नाही. शेवटच्या प्रसंगातला तो मात्र समजतो.

एका प्रसंगात पाचही गरजा सापडू लागल्या तर समजावं की काहीच सापडलेलं नाही. जास्तीत जास्त दोन ठेवाव्यात, आणि त्या एकमेकींशी भांडताहेत का ते बघावं. भांडत नसतील तर तो प्रसंग विश्लेषणासाठी निवडू नये.

शेवटची अडचण, आणि ही लिहिणाऱ्याची नाही, सिनेमाची आहे. काही पात्रांचे रकाने भरताच येत नाहीत. शालूचे घेऊन बसा. तिला काय हवंय, तिच्यावर कसला दाब आहे, जब्या आवडतो की नाही, त्याला बघून ती हसते ते कशाने, यातलं काहीही पुराव्यानिशी लिहिता येत नाही, कारण ती आपल्याला जवळजवळ सतत जब्याच्या नजरेतूनच दिसते. अशा वेळी कल्पनेने रकाने भरू नयेत. ते मोकळेच ठेवावेत आणि खाली लिहावं की हे पात्र दुसऱ्याच्या गरजेची जागा म्हणून लिहिलंय. मग ती निवड कथेला पोषक आहे की उणीव आहे, हे वेगळं मांडावं. 'फँड्री'त ती पोषक आहे असं माझं मत आहे: शालू आपल्याला कळली असती तर जब्याच्या गैरसमजात आपणही सामील झालो नसतो. दुसऱ्या कितीतरी सिनेमांत नायिकेचे रकाने असेच मोकळे निघतात, आणि तिथे मात्र असं कुठलंही कारण देता येत नाही.